टरफलांनी भरलेली वाटी

मित्रांनो, मी पोपटाच्या पिंजऱ्यातली एक जुनी स्टीलची वाटी आहे. काठाला पोचा, बुडाला चरे. मला माणसांविषयी फारसा आदर नाही आणि पोपटांविषयी तर त्याहून कमी, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात एका ठोक्यात माझा जन्म झाला. नवी होते तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. अमेरिकेतल्या डुलुथ या बंदराच्या गावातल्या एका दुकानातून मला पिंजऱ्यासकट घरी आणलं ते रॉल्फ एंगस्ट्रॉम या गृहस्थांनी. हे महाशय एकतीस वर्षं बंदरावर धान्य तपासत होते. मूठभर गहू तळहातावर पसरायचा, नाकाशी न्यायचा आणि कोंडा जास्त म्हणून अख्खी मालगाडी परत पाठवायची, असा त्यांचा दरारा. निवृत्त झाल्यावर दरारा दाखवायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी पिकल नावाचा हिरवा पोपट पाळला.

अकरा वर्षं माझ्या पोटात एकच गोष्ट पडली, सूर्यफुलाच्या बिया. सकाळी बिया, संध्याकाळी बिया, नाताळला जास्त बिया. "असा दाणा अख्ख्या मिनेसोटात मिळणार नाही," असं रॉल्फ पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे माना डोलवायचे. एरवी महिना महिना मला कोणी घासत नसे, पण पाहुणे यायचे त्या दिवशी माझंही कौतुक व्हायचं. पिकल त्या तेलकट बियांवर इतका फुगला की दांडीवर चढताना त्याला धाप लागायची. चोचीचे पापुद्रे सुटत होते, पिसांचा रंग विटला होता. "म्हातारा होतोय," रॉल्फ म्हणायचे. अकराव्या वर्षी पोपट म्हातारा! धन्य ते ज्ञान.

गेल्या नोव्हेंबरात त्यांची धाकटी बहीण लव्हॉन म्हणाली, "अरे, हा पोपट आहे की फुटबॉल?" रॉल्फना ते झोंबलं. त्यांनी ठरवलं की वाटी रिकामी झाल्याशिवाय नव्या बिया घालायच्या नाहीत.

आता पोपट बी सोलतो, गर खातो आणि टरफल पुन्हा वाटीतच टाकतो, हे तुम्हाला एका दिवसात कळेल. आमच्या तज्ज्ञांना कळलं नाही. मी टरफलांनी भरलेली, ते येता-जाता माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी पिकल मलूल होऊन, पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला.

लव्हॉन आली आणि दारातूनच ओरडली, "याला खायला घातलंस का?"

"वाटी काठोकाठ भरलीय. डोळे आहेत ना तुला?"

तिने मला उचललं आणि जोरात फुंकर मारली. सगळी टरफलं रॉल्फच्या स्वेटरवर. तळाशी चार बिया.

"एकतीस वर्षं कोंडा पकडत होतास ना रे? मग हे काय आहे?"

रॉल्फ स्वेटरवरची टरफलं एकेक करून वेचू लागले. इतक्या बारकाईने दाणा तपासताना मी त्यांना त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिकलला तपासलं. "यकृतावर चरबी चढलीय. उपाशी ठेवलंत तर आठवड्यात जाईल, नुसत्या बियांवर ठेवलंत तर वर्षभरात. हळूहळू बदल करा. पोपटांच्या खाद्यगोळ्या, गाजर, ढोबळी मिरची, गडद पालेभाजी, उकडलेला घेवडा, थोडं फळ. बिया फक्त खाऊ म्हणून. अवोकाडो आणि चॉकलेट कधीच नाही. आणि रोज सकाळी वजन करा."

रॉल्फनी सगळं बारीक चिरून माझ्यात घातलं. मूर्ख पिकलने पंधरा दिवस गाजर भिंतीवर फेकलं आणि हळूहळू कमी होत चाललेल्या बियाच तेवढ्या वेचून खाल्ल्या. मग वजनही उतरू लागलं. रॉल्फनी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "त्याला भाजी आवडतच नाही हो!"

"तुम्ही त्याच्यासमोर काय खाता?"

"माणसासारखं जेवतो. बटाटे, मांस, चीज."

लव्हॉन मागून ओरडली, "बाई, याच्या मते केचप ही भाजी आहे!"

"पोपट थव्याचं बघून खायला शिकतो," बाई म्हणाल्या. "त्याचा थवा म्हणजे तुम्ही. खाऊन दाखवा."

दुसऱ्या दिवशी रॉल्फ पिंजऱ्याचं दार उघडून त्यापाशी खुर्ची ओढून बसले. मला स्वच्छ घासलं, माझ्यात लाल ढोबळी मिरची आणि पालेभाजी घातली, आणि सत्तरी उलटलेला तो माणूस पक्ष्याच्या वाटीतून जेवू लागला. तोंड असं केलं की जणू खिळे चावतोय. "वा, काय चव आहे!" इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. पिकलने मान वाकडी करून पाहिलं आणि पाठ फिरवली. रॉल्फ चार दिवस तसेच खात राहिले. पाचव्या दिवशी पिकल त्यांच्या हातावरून चालत खाली आला, माझ्यातला लाल तुकडा उचलला, चावला आणि गिळला. मग दुसरा उचलला.

रॉल्फ रडले. नाक गळेपर्यंत रडले. मला किळस यायला हवी होती. आली नाही, हे कबूल करते.

तर मित्रांनो, पोपट पाळाल तर त्याला रोज ताजं, नाना रंगांचं खायला द्या, आणि समोर बसून स्वतःही खा. तुमचं बोलणं तो नुसतं नकलेपुरतं ऐकतो. खाताना मात्र तुमच्या तोंडाकडे बघतो. जेवण झालं की वाटी घासा. एवढंही होत नसेल तर पोपटाच्या वाटेला जाऊ नका. एखादा दगड आणून ठेवा, त्याला भूक लागत नाही.