सहापैकी दोन नळ्या

ट्रेमध्ये सहा नळ्या, कापसाचे बारा बोळे, चिकटपट्टीचं एक रीळ आणि एक घड्याळ होतं. दोन नळ्या भरलेल्या, चार रिकाम्या. पलंगावर कोणीच नव्हतं.

"पळाली ना परत?" दारातून नणंद म्हणाली. "सुई उपटली नि तरातरा गच्चीवर! घरी दोन-दोन महिने आमची वहिनी जागची हलत नाही, शिवणयंत्रावर धूळ साचलीय. इथे आली की बरे पाय फुटतात तिला!"

प्रयोगशाळेतल्या चष्मेवालीला हसू आवरलं नाही. तीन तास निपचित पडायचं आणि सहा वेळा रक्त द्यायचं म्हटल्यावर कोणीही पळालं असतं. चाचणी तशी सोपी होती. एक संप्रेरक टोचलं की मेंदूखालची ग्रंथी थायरॉइडला हाक मारते. ती हाक रक्तात मोजायची. थायरॉइड सुस्त असेल तर हाक फार मोठी, म्हणजे टोचण्याआधीच्या आकड्यापेक्षा नंतरचा तीसहून जास्त चढलेला.

तसं निघालं तर वहिनीला वेगळी गोळी मिळाली असती. नाहीतर सोमवारपासून उदासीची औषधं तिसऱ्यांदा वाढणार होती, आणि दोष थायरॉइडचा असेल तर त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

"अर्धवट चाचणी म्हणजे काहीच नाही," तिचे वरिष्ठ डॉक्टर, सर, म्हणाले. "ओतून टाक."

चष्मेवालीने नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि तीन तास पूर्ण केलेल्या चाळीस रुग्णांचे आलेख टेबलावर पसरले. पाहता पाहता तिचे कान तापले. प्रत्येक रेघ अर्ध्या तासाला, दुसऱ्याच नळीत, सगळ्यात उंच होती. पुढे नुसती उतरण! जेवणाचा डबा तसाच टाकून ती सरांच्या खोलीत घुसली.

"सर, मी प्रत्येक रुग्णाचे पहिले दोनच आकडे वाचते. तुम्ही निदान सांगा."

"माझी परीक्षा घेतेस?"

"हो."

सरांनी मजेत सुरुवात केली. दहाव्या रुग्णाला खुर्ची पुढे ओढली. विसाव्याला फोन वाजला, तो उचललाच नाही.

"बोल, किती चुकलो?"

"एकोणचाळीस बरोबर. एक अगदी काठावरचा, त्याची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. आणि सर, ज्याच्याशी ताडून पाहिलं ते निदानही तुमचंच आहे. गेल्या वर्षी सहा नळ्या बघून दिलेलं."

सरांनी आलेख तिच्या हातातून घेतले. "म्हणजे वर्षभर मी लोकांना उगाच तीन-तीन तास झोपवलं?"

"झोपले त्यांना. बाकीचे पळाले."

"सकाळच्या नळ्या ओतल्यास?"

"नाही."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत."

"मग इथे काय उभी राहिलीस? पळ!"

ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत धावली. वहिनीला हाताला धरून खाली आणणारी नणंद भिंतीला चिकटली. "अगं बाई, आता हीसुद्धा पळायला लागली!"

वहिनीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

यंत्राने नळ्या आत घेतल्या. कागद बाहेर येईपर्यंत चष्मेवाली खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. सरही मागे येऊन उभे राहिले होते. तिने आकडे मोठ्याने वाचले.

"इंजेक्शनआधी ८.४. अर्ध्या तासाने ४९.१. फरक ४०.७."