पडणाऱ्याच्या कंबरेची गादी

मित्रांनो, मला उचलून नाकाजवळ धरू नका. घाम, जुने कॅनव्हास आणि घोड्यांना चोळायचे तेल असा तिहेरी वास येईल आणि तुम्ही मला खाली टाकाल. तशी मला टाकले जाण्याची सवय आहे. मी एक जुनी, चपटी झालेली गादी आहे. झोपायची नव्हे, आणि ज्यावर महंत बसतात तसलीही नव्हे. हॉलिवूडच्या सिनेमात छपरावरून जो माणूस पडतो, त्याच्या विजारीच्या आत, त्याचे हाड आणि जमीन यांच्यामध्ये माझी जागा. पडद्यावर तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. पाहिले असतेत, तर माझ्या मालकाचे काम फसले असते.

माझ्या मालकाचे नाव ओरिन हॅस्केल. ओक्लाहोमातल्या जत्रांमध्ये बिथरलेल्या घोड्यांवर बसायचा खेळ करून तो इकडे आला. इथे त्याला बसायचे काम कमी आणि पडायचे जास्त मिळाले. घोड्यावर हिरो चढायचा, त्याचाच कोट घालून ओरिन खाली पडायचा. विजार दर वेळी फाटायची. ती शिवून घ्यायला तो स्टुडिओच्या शिवणखात्यात जायचा. तिथे लुपे नावाची मुलगी बसत असे. एकच विजार इतक्या वेळा फाडून लग्नापर्यंत पोचलेला माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

लुपे त्याला म्हणाली, "विजार मी शिवीन. पण तुझी कातडी शिवायला मी कुठे कुठे पुरणार?"

आणि तिने मला केले. फाटक्या तंबूचे कॅनव्हास, जुन्या खोगिरातला दाबलेल्या लोकरीचा नमदा, आत ठासून भरलेले घोड्याचे केस, आणि तुटक्या लगामाचा पट्टा. मी जाड, हट्टी आणि दिसायला ओबडधोबड होते. धक्का आला की निम्मा मी खाऊन टाकत असे.

कामाची ती वर्षे चांगली गेली. रिकाम्या खोक्यांचा ढीग रचायचा, वर मळकी ताडपत्री टाकायची आणि दारूच्या गुत्त्याच्या माडीवरून ओरिनने त्यावर पडायचे. हे सगळे बसवणारा स्टंट मास्टर म्हणजे टॅकेट. तरुणपणी स्वतः इतक्या वेळा पडला होता की त्याची मान वळत नसे. कुणी हाक मारली की अख्खा माणूस वळायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पडलेल्याला 'लागलं का' असे विचारत नाहीत. विचारणे म्हणजे 'तू वाईट पडलास' असे तोंडावर सांगणे. पडलेला पडल्या जागी हात वर करतो. हात वर झाला की सगळे टाळ्या वाजवतात आणि जेवायला जातात. माणसांची ही जमाखर्चाची पद्धत मला कधी कळली नाही. टाळी जमेला धरतात, आणि मुका मार कुठेच मांडत नाहीत. तो माझ्यात मांडला जात होता. माझ्या आतला केस न् केस दबत चालला होता.

पण ओरिनला माझी किंमत होती, खोटे का बोलू? एकदा जेवताना तो टॅकेटला म्हणाला, "बायको एक वेळ दुसरी मिळेल, अशी गादी नाही मिळायची."

लुपे चुलीपासून न वळताच म्हणाली, "मग उद्यापासून बीन्स तीच शिजवेल."

ओरिनचे दैव फिरले ते एका हिरोच्या पायामुळे. स्वतःच्या मोटारीतून उतरताना त्या हिरोचा पाय मुरगळला. दिग्दर्शक खोळंबला होता. त्या दिवशी जिन्यावरून गडगडत आलेला ओरिन उठला आणि सवयीने टोपी झटकताना त्याचा चेहरा चुकून कॅमेऱ्याकडे वळला. बदली माणसाने चेहरा दाखवणे म्हणजे गुन्हाच. पण दिग्दर्शकाला तो चेहरा आवडला. आधी दोन वाक्ये मिळाली, मग हाणामारीच्या सिनेमात खलनायकाचा उजवा हात, आणि मग एके दिवशी स्टुडिओच्या भिंतीवर जाहिरातीचे चित्र लागले: ओरिन हॅस्केल, सगळ्या उड्या स्वतः मारणारा. मला वाटले, आता मलाही बरे दिवस येतील. वस्तू असून मी इतकी भोळी होते.

काउबॉयचे सिनेमे ओसरले आणि ओरिन पोलिसाच्या भूमिका करू लागला. पोलिसाची विजार अंगाला घट्ट. कपडेपटाचा माणूस मागे उभा राहून म्हणाला, "ओरिन, समोरून हिरो दिसतोस, मागून गाभण घोडी." सगळे हसले, ओरिनही हसला. त्याने मला सोडले आणि गाडीच्या डिकीत, तेलकट बोळ्यांशेजारी टाकले. कंपनीने बदली माणूस घेऊ म्हटले, तर तो भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवी. तिथे त्याचे नाव होते. माझे नव्हते, बदलीचेही नव्हते.

पुढची काही वर्षे तो हाडावर पडला. हात वर झाला, टाळ्या पडल्या. घरी जिना चढताना तो आधी उजवा पाय टाकी आणि मग डावा ओढून घेई. विचारले तर म्हणे, पायऱ्या वाकड्या बांधल्यात. डॉक्टरला म्हणे, हवा बदलली की होते असे.

शेवटी लुपेने टॅकेटला जेवायला बोलावले. तिने मला डिकीतून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उसवलेला टाका घालायला ठेवले होते, म्हणून मी ते ऐकले. पुढच्या सिनेमात मोटेलच्या गच्चीवरून खाली उभ्या ट्रकवर उडी होती. टॅकेटने कंबरेचा विषय काढलाच नाही. तो ओळखीच्या एका म्हाताऱ्या घोड्याबद्दल बोलत राहिला. मागचा पाय गेलेला, पण कुंपण दिसले की धावायचाच. ओरिनही घोड्याबद्दलच उत्तरे देत होता. लुपे दोघांच्या ताटात वाढत राहिली.

उठताना टॅकेट म्हणाला, "माझ्याकडे रूडी आहे, नवा बदली पोरगा. पाठमोरा तुझ्यासारखाच दिसतो, कोणाला कळणार नाही. तुला बोलायचंही नाही. त्या दिवशी माझ्याकडे बघून नुसती मान हलव. माझी हलत नाही, तुझी हलते ना?"

तो गेल्यावर ओरिन लुपेला म्हणाला, "मारू दे रूडीला उडी. मी मान हलवीन."

मित्रांनो, त्या बाईचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. बारीकसारीक पडणे-आपटणे त्याच्या वाट्याला तरीही होते. तेवढ्यासाठी तरी मला बांध, असा तिने हट्ट धरला. तो म्हणाला, मागून दिसते. मग तिने कात्री घेतली. माझी शिवण उसवली, आतले केस मुठी भरभरून काढले, नमद्याचा एक थर ठेवला आणि मला पुन्हा शिवले. मी टॉर्टियासारखी, लुपेच्या मक्याच्या पोळीसारखी, पातळ झाले. काढलेले केस तिने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरले आणि मला थोपटून म्हणाली, "सिनेमा संपला की सगळं परत भरते."

मी घट्ट विजारीत बसले. बाहेरून दिसत नव्हते. आत काही उरले नाही, तेही दिसत नव्हते.

उडीच्या दिवशी दुपारी मोटेलसमोर बरीच माणसे जमली होती. 'स्वतः उड्या मारणारा' बघायला वर्तमानपत्रवालेही आले होते. ट्रकवर कडेने सॅलडच्या पानांच्या पेट्या आणि मधोमध आमची रिकामी खोकी. रूडी ओरिनसारखेच जाकीट घालून शिडीपाशी तयार उभा. टॅकेट अख्खा वळला आणि त्याने ओरिनकडे पाहिले.

एवढेच करायचे होते. मान हलवायची होती.

ओरिनने कॅमेरे घेतलेल्या माणसांकडे पाहिले आणि कंबरेवर, माझ्यावर, थाप मारली. "गादी आहे आत," तो म्हणाला.

टॅकेटने त्या सपाट विजारीकडे पाहिले. त्याला कळले असावे. पण विचारायची रीत नव्हती.

ओरिन गच्चीवर चढला, आधी उजवा पाय, मग डावा. उडी घेताना त्याच डाव्या पायाने दगा दिला. खोकी हातभर पुढे राहिली, आणि ट्रकची लोखंडी कड माझ्यावर आली. अडवायला माझ्यात काही नव्हते. धक्का माझ्यातून सरळ पलीकडे गेला.

तो गडगडून खोक्यांवर पडला. आणि त्याचा हात वर झाला.

टाळ्या पडल्या. हात खाली येईना. लोकांना वाटले, आणखी हव्यात. त्यांनी आणखी दिल्या.

लुपे त्याचे जेवण फडक्यात बांधून नुकतीच आली होती. तिने आधी रूडीला पाहिले, शिडीपाशी, कोऱ्या जाकिटात. मग ट्रकवरचा तो हात पाहिला. जेवण तिथेच ठेवून ती ट्रकवर चढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "लागलं का?"

टाळ्या थांबल्या. टॅकेट जमिनीकडे बघू लागला.

"नाही," ओरिन म्हणाला. हात वरच होता.

कंबरेचे ते हाड पुन्हा नीट बसले नाही. सिनेमा मात्र उत्तम चालला, त्यातला तो वर झालेला हात तर फार गाजला. नंतर ओरिनला कोणी बोलावले नाही. भिंतीवर रूडीचे चित्र लागले. आता तोही लंगडतो, असे ऐकते.

हल्ली मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर असते. केसांचा डबा फडताळात आहे. लुपे कधीतरी तो काढते, झाकण उघडून आत बघते आणि परत ठेवते. तिच्या बोटांत आता सुई ठरत नाही. ट्रकवर विचारलेला तो प्रश्न तिने नंतर कधीच विचारला नाही. इतक्या वर्षांनी तीही आमच्या धंद्यात शिरली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू घरात असतील तर त्यांना ऊन दाखवा, उसवल्या तर टाका घाला. पण वरून दिसत नाही म्हणून आतले काढून घेऊ नका. आणि कोणी पडले, पडल्या पडल्या हात वर केला, तर टाळीसाठी उचललेले हात खाली घ्या, जवळ जा आणि विचारा. तो 'नाही' म्हणेल. पुन्हा विचारा. मला विचारता येत नाही. ओरिन रोज सकाळी काठी टेकत येतो, टेबलाला धरून माझ्यावर बसतो, आणि त्या हाडाखाली मी, जेवढी उरले आहे तेवढी, दबते.