म्हशीच्या गोठ्यातला साक्षरता दिन

मी फ्लेक्स बोलतोय. नेपाळच्या डोंगरात भीरपानी नावाचं गाव आहे, तिथल्या नरजित थापांच्या म्हशीच्या डोक्यावर सध्या माझा मुक्काम असतो. छपाईची बाजू खाली, कोरी बाजू आभाळाकडे. त्यामुळे मला जगाला जे सांगायचं आहे ते आधी म्हशीला कळतं.

जन्म तानसेन शहरातल्या एका छपाईच्या दुकानातला. अंगावर लाल ठळक अक्षरांत 'विश्व साक्षरता दिवस'. खाली 'प्रमुख अतिथी' आणि त्यांचं नाव, 'विशेष अतिथी' आणि त्यांचं नाव. ज्यांना साक्षर करायचं त्या बायकांबद्दलही काही छापायचं होतं म्हणे, पण अतिथींची नावं लांब निघाली. त्याला कोण काय करणार?

भदौ, म्हणजे भाद्रपद महिन्यात शाळेच्या पटांगणात मला बांधलं. समितीचे गोविंद सर घरोघर फिरून बायकांना कोदो-नाचणीच्या शेतातून उठवून घेऊन आले. सही कुणालाच येत नव्हती, म्हणून हजेरीला अंगठे घेतले. साक्षरतेच्या कार्यक्रमाला भरघोस उपस्थिती दाखवायची, तर दुसरा उपायही नव्हता.

विशेष अतिथी जेवणवेळ उलटल्यावर जीपमधून आले. "जो वाचू शकत नाही तो डोळे असून आंधळा," असं त्यांनी त्या बायकांच्या तोंडावर, अगदी प्रेमानं सांगितलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "इथे काय लिहिलंय ते वाचा, आणि आयुष्यात उतरवा." सरांनी खूण केली, टाळ्या पडल्या. प्रौढवर्ग दसैं, इथला दसरा, झाल्यावर सुरू होईल अशी घोषणाही झाली. कोणत्या वर्षीचा दसैं, ते विचारायचं राहून गेलं. चिउरा म्हणतात ते पोहे आणि उकडलेली अंडी वाटली, जीप गेली, आणि विश्व साक्षर झालं.

मी मात्र दोरीला लटकत राहिलो. नरजित तेवढ्या अंड्यासाठीच आले होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, बराकीत अक्षरं शिकलेला. गोठ्याचं छप्पर गळत होतं. त्यांनी मला सोडलं, घडी घातली आणि काखेत मारलं. रस्त्यावरून कुणी ओळखू नये म्हणून छापील बाजू खाली केली. मला चोरीला गेल्याचं वाईट वाटलं नाही. कार्यक्रमानंतर माझी आठवण ठेवणारा तो एकटाच निघाला.

नरजितांचा मुलगा कतारला. घरात ते आणि सून यमकला. ती दूध काढायला बसली की म्हातारा खाटेवरून काठी वर करून माझ्यावरचा शब्दन् शब्द मोठ्यानं वाचायचा. शिकवायला नव्हे, टवाळी करायला.

"विश्व साक्षरता दिवस. ऐकतेस ना गं म्हशी? विशेष अतिथी आलेत, शेपूट आवर."

यमकला धार काढता काढता वर बघायची. एकदा तिनं विचारलं, "बुबा, हे पोटात तिरकी रेघ असलेलं अक्षर कुठलं?"

"ष. का? मंत्री व्हायचंय?"

"झाले तर पहिल्यांदा तुमचं छप्पर करते."

"सासऱ्याला उलट बोलायला अक्षरं लागत नाहीत वाटतं," म्हातारा पुटपुटला. पण पुढल्या वेळी काठी जरा सावकाश फिरली, प्रत्येक अक्षरापाशी थांबत. निदान मला तरी तसं वाटलं.

हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माझ्यावरचं सगळं ते आता न बघता, पाठ असल्यानं म्हणायचे, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागला नाही. खोकलाही जडला होता. एका दुपारी खोकून बेजार झाले आणि म्हणाले, "वाशावर औषधाची बाटली आहे, दोन चमचे दे."

यमकलानं बाटली काढली, झाकण उघडलं, चमचा धरला. आणि थांबली.

"बुबा, ह्यावर विशेष लिहिलंय."

"मग भारीतलं असणार. ओत."

"पण मधला शे नाही."

"छापणाऱ्यानं खाल्ला असेल. माणूस इथे खोकून मरतोय आणि हिला शे पाहिजे."

यमकलानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. ओठ हलले. "वि... ष." तिनं ते पुन्हा म्हटलं, आणि चमचा तिच्या हातातून शेणात पडला.

म्हशीच्या गोचिडांवरचं औषध होतं ते. खोकल्याची आणि ही, दोन्ही बाटल्या म्हाताऱ्यानंच शेजारी ठेवल्या होत्या. त्यांनी बाटली मागून घेतली, डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. काहीच दिसेना. मग विचारलं, "मी तुला हे शिकवलं होतं?"

"नाही. तुम्ही म्हशीला शिकवत होतात. मी ऐकत होते."

म्हातारा हसायला गेला आणि त्याला रडू आलं. यमकला बाजूला बसून त्याची पाठ चोळत राहिली.

एक कबूल करायला हवं. विशेष अतिथींवर मी उगाच राग धरला होता. त्या गृहस्थांच्या हुद्द्यानं एक जीव वाचवला. त्यांना कळवायला हवं, पण त्यासाठी ते पुन्हा यायला हवेत.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा काठी घेऊन खरोखरच शिकवू लागला. ताक न्यायच्या निमित्तानं शेजारणी यायच्या आणि ताक विसरून जायच्या. अंदाजपत्रक नाही, उद्घाटन नाही, त्यामुळे वर्ग रोज भरायचा.

यंदा भदौ लागला तसे गोविंद सर निमंत्रण घेऊन, वर्ग भरलेला असतानाच, गोठ्याशी आले. "यमकला, सगळ्यांना घेऊन ये. टाळ्या कमी पडायला नकोत."

"सर, वर्ग कधी सुरू होणार?"

"दसैं झाल्यावर."

"नवा फ्लेक्स छापून झाला?"

"टाकायचाय अजून."

"मग त्यात ठ, ढ आणि झ घाला. ह्याच्यावरची अक्षरं संपली आमची."

सर हसले. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि घाईनं पुढच्या घराकडे गेले.

मी आता विरलोय. पुढच्या पावसात माझे तुकडे गोवऱ्यांवर जातील, त्याचं दुःख नाही. जगभरच्या समित्यांना फक्त एक विनंती आहे. दिन साजरे करा, जीपही आणा. पण अतिथी निवडताना त्यांच्या नावात ठ, ढ, झ आहे का, तेवढं पाहून घ्या. एखादे ढकाल आडनावाचे सापडले, एखादे झा मिळाले, तर अगत्यानं बोलवा. नाव ठळक छापा. ते स्वतः नाही आले तरी चालेल.