मैत्रेयीच्या नावाची स्लाइड

लखनऊत समुद्र नाही, ही बातमी गेली एकतीस वर्षं लोक मला न चुकता देत आले आहेत. रिक्षावाले, नातेवाईक, विद्यापीठातले सहकारी, एकदा तर खुद्द कुलगुरू. मी समुद्राच्या गाळातल्या सूत्रकृमींवर काम करतो म्हटलं की आधी तोंड वाकडं होतं आणि मग ही बातमी येते. माणसाच्या पोटात होतात ते नव्हेत, पिकांच्या मुळांना लागतात तेही नव्हेत. हे गाळात मोकळे राहतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांब, आणि कुणाचं काही बिघडवत नाहीत. गाळात फॉर्मॅलिन घातलं की बाटली कुठेही नेता येते. मी ती रत्नागिरीहून आणत असे. आता निवृत्त झालोय, आणत नाही.

यातल्या एका जीनसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या कृमींच्या गटात, एका स्पीशीजला माझ्या मुलीचं नाव आहे.

मैत्रेयी अकरा वर्षांची असताना डेंग्यूने गेली. पाच दिवस आजारी होती. त्याला चौदा वर्षं झाली. यापलीकडे मला सांगता येत नाही आणि कुणी विचारलेलं आवडत नाही. लोक म्हणाले, दिवस जातील तसं बरं वाटेल. बरं काही वाटलं नाही, पण वाईट वाटायचंही हळूहळू बंद झालं. माझी बायको माया टेलिफोन खात्यात होती, तीही महिनाभरात कामावर जायला लागली. वृंदावन योजनेतल्या या घरात आम्ही दोघं सब्जी काय करायची ते बोलतो, टाकीत पाणी चढलं का ते विचारतो. भांडतसुद्धा नाही.

ती गेली त्याच्या नवव्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन बसलो. घरी बसवत नव्हतं. समोर ग्लिसरिनमध्ये एक कृमी तयार होता. स्लाइड करताना कृमीच्या दोन्ही बाजूंना त्याच्याच जाडीचे काचेचे धागे ठेवायचे असतात, म्हणजे वरची पातळ काच त्याच्या अंगावर बसत नाही. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ओरडून शिकवलंय. त्या दिवशी मी धागे ठेवले नाहीत. काच खाली बसली, कृमी दबून रुंद झाला आणि त्याची मापं कुठल्याच माहीत असलेल्या स्पीशीजशी जुळेनात. एकच नमुना, तोही नर. आमच्याकडे ओळख नरावरूनच पटवतात. मी नवी स्पीशीज म्हणून पेपर लिहिला आणि मैत्रेयीचं नाव दिलं. स्वतःचं नाव देणं आमच्यात असभ्य समजतात, मुलीचं चालतं.

गेल्या आठवड्यात प्रणिताची मेल आली. प्रणिता माझी जुनी विद्यार्थिनी, आता गोव्यात असते आणि या सगळ्या जीनसची नव्याने मांडणी करते आहे.

‘सर, गुजरातपासून बंगालपर्यंतचे नर तपासले. काही मुद्दाम दाबून पाहिले. दाबलेले सगळे तुमच्या मैत्रेयीसारखे दिसतात. मला वाटतं ही तुतिकोरिनहून आधीच नोंदलेली जुनी स्पीशीजच आहे. पण तुमची टाइप स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही. पाठवाल का?’

टाइप स्लाइड म्हणजे जिच्यावरून नाव दिलं गेलं ती मूळ स्लाइड. ती संग्रहालयात जमा करायची असते. मी केली नव्हती, माझ्या कपाटातच ठेवली होती.

एकाच प्राण्याला दोन नावं पडली तर जुनं टिकतं, नवं बुडतं. आणि त्या जीनसमध्ये ते बुडालेलं नाव पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मला हा नियम बरोबर वाटतो. मैत्रेयी गेल्यावर आमच्याच एका नातेवाइकाने मायाला सांगितलं होतं, दुसरी होऊ दे आणि तेच नाव ठेव. त्याला मी चहा अर्धा ठेवून उठायला लावलं होतं.

प्रणिताचं बरोबर आहे हे मला माहीत होतं. पेपर छापून आल्यावर वर्षाच्या आत मी ती स्लाइड पुन्हा पाहिली होती आणि काय झालंय ते ओळखलं होतं. मी गप्प बसलो. आता तेरा वर्षांच्या गप्प बसण्यावर आणखी एक लबाडी, एवढंच करायचं होतं. स्लाइड नसेल तर तिला काही सिद्ध करता येणार नाही. फार तर नावापुढे ‘संशयास्पद’ असा शेरा येईल. पण नाव राहील.

गुरुवारी दुपारी मी बाल्कनीशेजारच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला. निवृत्तीच्या वेळी विभागाने मला दिलेला जुना. स्लाइड लावली, तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स खाली आणली. ही लेन्स काचेच्या इतकी जवळ येते की नॉब जरा जास्त फिरला की काच तडकते. दर वर्षी एखादा विद्यार्थी हा प्रताप करतोच. माझ्या हातून झालं तर कुणी काही म्हणणार नाही, वयही झालंय. मी नॉबवर बोटं ठेवून बसलो. छाती धडधडली नाही की हाताला घाम आला नाही. स्वतःचीच थोडी किळस आली, तीही टिकली नाही.

माया चहा घेऊन आली.

“काय पाहून राहिले इतकं?”

“प्रणिताला मैत्रेयीची स्लाइड पाहिजे.”

“मग देऊन टाका ना. त्यात काय सोचायचं?”

मी तिला सांगितलं. धागे ठेवले नव्हते ते, पुढे कळलं तेही, आणि नॉब आणखी अर्धा फिरवला तर काय होईल तेही. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवतानासारखा होता. तिने चहा टेबलावर ठेवला.

“मला दाखवा,” ती म्हणाली.

चौदा वर्षांत तिने कधी मागितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. मी लेन्स वर घेतली, कमी ताकदीची लावली, म्हणजे पूर्ण कृमी दिसेल. माया चष्मा काढून वाकली. बराच वेळ तिला काहीच दिसेना, मग दिसलं.

“हीच?”

“हाच. नर आहे.”

“पोरीचं नाव दिलं आणि नर?” तिने डोळा काढला नाही. “अच्छा. आणि प्रणिता म्हणते ही काही वेगळी नाही.”

“नाही. साधीच आहे. कॉमन.”

“कॉमन म्हणजे किती?”

“कुठल्याही खाडीत मूठभर गाळ उचल. पाच-पन्नास सापडतील.”

“रत्नागिरीला?”

“रत्नागिरीला, गुजरातला, पार बंगालपर्यंत.”

“आज? आत्ता?”

“आत्तासुद्धा.”

“जिवंत?”

“हो. पोरंबाळं होत असतील. गाळ खात असतील.”

ती सरळ उभी राहिली. चष्मा पदराला पुसायला लागली आणि पुसतच राहिली.

“तुम्ही तर म्हणाले होते, एकच आहे,” ती म्हणाली. “सगळ्या जगात एकच सापडली म्हणाले होते. मला रोज वाटायचं, एकटी आहे बिचारी. काचेत एकटी. ऑफिसात बसून पण वाटायचं.”

मी ते म्हणालो होतो. पेपर छापून आला तेव्हा, तिला बरं वाटावं म्हणून, अभिमानाने म्हणालो होतो.

चहावर साय धरली होती. मी लॅपटॉप ओढला आणि प्रणिताला लिहिलं, स्लाइड उद्या निघेल, तुझंच बरोबर आहे. ‘उद्या’ लिहिताना अक्षरं दिसेनाशी झाली. माझं नाक वाहत होतं. माया म्हणाली, “लिहा, लिहा, मी बसते इथेच,” आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.