पाण्याच्या रेघेवरचे ठिपके

मी माण तालुक्यातल्या एका घराच्या दारातलं निळं बॅरल बोलतोय. तोंड एवढं मोठं, पण वेळेला शब्द फुटला नाही.

फलटणच्या भंगारवाल्याकडून मला इथं आणलं. टँकर आठवड्यानं येतो, म्हणून तळातलं पाणी कोणी ओतत नाही. जुन्यावरच नवं भरतात. घासायचं तर नावच नको, त्यालाही पाणी लागतं.

घरात अंबूबाई, तिची सून सोनम आणि सोनमचा रांगता शिवतेज. सोनमचा नवरा मुंबईला कामाला.

एकदा माझ्यात किडे वळवळायला लागले. सोनम घाबरली. "आत्या, डासाची पिल्लं हायती ही. पलीकडं डेंगूचा ताप हाय. आपल्या शिवतेजला चावलं तर?"

"पाणी शिळं झालं की किडं हुत्यातच. गाळून घे."

"आवं, आपोआप कसं हुतील? जिवापासनंच जीव हुतो. शाळंत शिकवलंय आमाला."

"सातवीपतूर शिकली अन् मला शिकवाय लागली!"

तरी सोनमनं तळातलं पाणी झाडांना घातलं. टँकर आल्यावर मला भरलं आणि जुन्या लुगड्याचं फडकं तोंडाला घट्ट बांधलं. पण आतून घासलं नाही. पाण्याची रेघ उठते तिथं माझ्या अंगाला डासांची अंडी चिकटली होती. बारीक काळे ठिपके. पाणी वर चढलं तशी ती फुटली.

थोड्या दिवसांनी अंबूबाईनं फडकं सोडलं आणि हसली. "बघ गं मास्तरीण! तोंड बांधलं तरी किडं झालंच की. आता कुठल्या वाटंनं आला तुझा डास?"

बांधून उपयोग नाही असं वाटून सोनम आत गेली. तिनं फडकं परत बांधलं नाही. किड्यांना पंख फुटले, ते उडाले.

शिवतेज तापला. आधी दहिवडी, मग सातारा. तिथल्या दवाखान्यातच तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर सोनमनं मला आडवं पाडलं, फेकून द्यायला. धरताना हात आत गेला. बोटांना खरखर लागली. ती वाकून बघत राहिली.

"आत्या, हितं हुती. अंडी हितं हुती."

अंबूबाईनं काथ्या आणला, भरली घागर माझ्यात ओतली आणि घासायला बसली. सोनमही बसली. मधेच तिचा हात थांबला.

"जीव आपोआप हुत असता, तर माझा शिवतेज बी परत झाला असता की कुठनंतरी."

आज मी आतून स्वच्छ आहे. बायांनो, पाणी कितीही कमी असू दे, एक घागर माझ्या अंगासाठी ठेवा. नुसतं रिकामं करू नका, घासा. मला सांगता येत नाही हो.