वाघ्याचा दगड

अंबुबाईंचं पोस्टकार्ड अकरा वर्षं माझ्या शब्दकोशात होतं. नातीकडून लिहून घेतलेलं.

"सायब, तुमी ज्या पांढऱ्या दगडापासनं मोजलं, त्यो हद्दीचा न्हाय. त्याच्याखाली आमचा वाघ्या पुरलाय. हद्दीचा दगड चिंचंच्या बुडाला हाय. आमची हीर पलीकडं गेली. मेंढरं कुटं पाजायची? येऊन बगा की."

मी तेव्हा सरकारी भूकरमापक होतो. चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडची ती मोजणी अंबुबाईंच्या रानाशेजारच्या चनबसप्पांनी लावली होती आणि दगडही त्यांनीच दाखवला. मेंढरं राखणारं कुत्रं मेलं की अंबुबाईंच्या घरचे त्याला रानात पुरून वर चुना फासलेला दगड ठेवत. हद्दीच्या दगडालाही चुनाच. मला शंका आली होती. पण अंबुबाई कळप घेऊन लांब गेल्या होत्या, बाकीचे दगड झाडोऱ्यात गाडलेले होते आणि चनबसप्पा मोठ्यानं बोलत होते. समोरचा मोठ्यानं बोलला की मला चूक माझीच असावी असं वाटतं. साठ फुटांची पट्टी विहिरीसकट त्यांच्याकडे गेली.

उत्तराचे सात मसुदे केले. एकही पोस्टात टाकला नाही. भाषा जमत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. चनबसप्पा मात्र लग्नाकार्यात भेटले की चारचौघांत म्हणायचे, "हे आमचे मोजणीसाहेब! घरात मीठ कमी पडलं का विचारलं, तरी फाईल बघून सांगतात!" लोक हसायचे. मीही हसायचो. त्यातलं एकही हसणं मी विसरलेलो नाही.

यंदा त्यांनी तिथं प्लॉट पाडले. जाहिरातीसाठी मोबाईलवर नकाशा हवा होता. ड्रोननं फोटो काढायचे, त्यावर सरकारी गटनकाशा बसवायचा, गिऱ्हाईकानं बोट लावलं की प्लॉट दिसला पाहिजे. हे काम सृष्टी नावाच्या मुलीकडे होतं. तिला नकाशातले जुने दगड जागेवर हवे होते, म्हणून मला बोलावणं आलं.

"साहेब दाखवतील ते दगड धर गं," चनबसप्पा तिला म्हणाले. "आणि साहेब, नवीन काही सुचवू नका हं! तुमाला कुटं काय सुचतंय म्हणा." एवढं बोलून ते गाडीत बसून निघून गेले.

झाडोरा आता जेसीबीनं साफ झाला होता. तीन दगड सापडले. सृष्टी लॅपटॉपवर वाकली.

"काका, तिन्ही अचूक बसतात. हा पांढरा मात्र साठ फूट बाहेर जातोय."

"तो कुत्र्याचा आहे," मी म्हणालो. अकरा वर्षांनी, इतक्या सोप्या शब्दांत. "चौथा चिंचेखाली बघ."

चिंच तोडलेली होती. बुंध्याजवळची माती सारली तर दगड निघाला. तोही अचूक बसला.

"चनबसप्पाअण्णांना आधी सांगायचं का?"

"मी दाखवीन ते धर, असं त्यांनीच सांगितलंय ना?"

तिनं नकाशा पाठवला. चनबसप्पा तो उघडून बघणार नाहीत, याची मला खात्री होती. माझ्या भित्रेपणावर त्यांचा फार विश्वास.

रविवारी सोलापुरात प्लॉटविक्रीच्या कार्यक्रमाला हॉल भरला. भिंतीवर मोठा पडदा, शिवाय प्रत्येकाच्या मोबाईलवर तोच नकाशा. चनबसप्पांनी ऐटीत काठी फिरवली. "हे प्रवेशद्वार, हा नमुना बंगला, आणि या जुन्या विहिरीवर कारंजं!"

तिन्ही गोष्टी वेगळ्या रंगात होत्या. वर लिहिलेलं: शेजारील गट, मालक अंबुबाई बिरुदेव.

"अण्णा, कारंजं म्हातारीच्या रानात व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला.

"साहेब, सांगा की यांना! मशीन चुकलंय!"

मी उठलो. "मशीन बरोबर आहे. चुकलो मी. आणि तो दगड मला तुम्ही दाखवला होता."

त्यांचा चेहरा मी सावकाश, आवडतं पान वाचावं तसा बघितला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मोबाईलवरच्या नकाशानं जमीन परत मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून सोमवारी सकाळी आठवा मसुदा लिहिला.

"अंबुबाई, दगड वाघ्याचाच होता. फेरमोजणीचा अर्ज करा. सोबत माझा सहीचा जबाब आहे. जिथं बोलावतील तिथं येऊन तोंडानंही सांगेन."

पोस्टातल्या बाईंनी पाकीट तोललं. "काका, स्पीड पोस्ट ना? घाईचं आहे?"

"फार," म्हणालो, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.