मुखरूच्या पोटातली वैनगंगा

“कोणी मानणार नाई, मानूही नका,” मुखरूनं ढिगातलं एक तेंदूपान उचलून मिशीवरून फिरवलं. “माह्या पोटात वैनगंगा हाये. गडचिरोलीच्या डॉक्टरनं टीव्हीवर पाह्यली. सोनोग्राफी म्हणते तिले.”

आंगणात हशा पिकला. धानोऱ्याकडच्या त्या गावात पानाचे पुडके बांधताना मुखरूची गोष्ट कोणी मधात तोडायची नाही, असा रिवाजच होता. गोष्ट तुटली की हात थांबतात, अन् ऊन चढलं की पान चुरते. म्हणून त्यानं वाघासंगं तंबाखू वाटून खाल्ली तरी कोणी हूं की चूं केलं नव्हतं. त्याची बायको गुणाबाई तर सर्वांत गुमान. ती सालीच्या दोरीनं गाठी मारत राहिली.

“मंग?” शेजारच्या झाडू नावाच्या गड्यानं विचारलं.

“मंग काय! थंडगार मलम फासलं पोटाले, मशीन फिरवली. पाहते तं नदीले पूर, मासे उड्या मारून राह्यले! डॉक्टर माह्या पायाच पडला. म्हणे, बापूजी, तुमचे गुर्दे अठरा वर्षाच्या पोट्ट्याचे. बीपीच्या गोळ्या टाका कोंबड्याईले!”

गुणाबाईची गाठ सुटली. सोनोग्राफीच्या त्या अंधाऱ्या खोलीत ती मुखरूच्या उशाशीच उभी होती. डॉक्टरीणबाईनं मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला होता. रक्ताच्या तपासणीत अजून काही आलं नाही, त्या म्हणाल्या, पण हे बघा, बीपीनं गुर्द्यातल्या बारीक नसा कडक होत चालल्या, रक्त आत जाताना अडतंय. लवकर दिसलं. गोळी रोज घेतली तर इथंच थांबवता येईल.

थोरल्या पोराचं, श्रावणचं, कोणी लवकर पाहिलंच नव्हतं. डोकं गरगरलं त्या दिवशीच तो गोळी घ्यायचा. आधी पाय फुगले, मग तोंड. दिवाळीच्या तोंडावर मशीनवर रक्त धुता धुता गेला.

“मंग मी सोमवारी दवाखान्यात कायले जाऊ?” धाकटा सुनील हसत म्हणाला. “शिबिरात माहा बीपी वाढलेला निंघाला, पण मले तं काईच होत नाई. बुढ्याचे गुर्दे चांगले, तं माहेही चांगलेच.”

मुखरूनं गुणाबाईकडे पाहिलं, मग पानांकडे. दुसऱ्या पोराचे गुर्दे त्या पडद्यावर पाहायची त्याची छाती नव्हती. गोष्टीत कोणी मरत नाही. तो गोष्टीतच बसून राहिला.

“नको जाऊ,” तो म्हणाला. “वैनगंगा का एकाच पोटात राह्यते?”

पुन्हा हशा झाला. गुणाबाईनं पुडका खाली ठेवला.

“खोटं हाये!”

सगळ्यांचे हात थांबले.

“डॉक्टर बाप्या नाई, बाई होती. अन् ते नाई पडली पाया. तुम्ही पडले तिच्या. मले श्रावणवानी मरू देऊ नका म्हणून रडले. आता सांगा पोराले, सांगा!”